उलटा हात

लेकीचं, रोहिणीचं, लग्न झालं ते साल नव्याण्णव. लग्न उरकलं आणि राहिलेली चार मेंढरंही बानूबाईने विकून टाकली. त्या पैशाची पुरचुंडी कनवटीला खोचून ती लेकाबरोबर, सिद्धूबरोबर, बारामतीच्या एका दुकानात येऊन बसली होती. शेळगावात रस्त्याच्या कडेला त्यांची एक खोली होती. तिथं सिद्धू कॉम्प्युटर मांडणार होता. पोरं तासावर गेम खेळायला येतील आणि घर चालेल, असं त्याच्या मनात होतं. कारखान्यावरची हंगामी नोकरी सुटल्यापासून त्याच्या मनात काही आलं होतं ते हे पहिलंच.

दुकानदार विजयसिंह काउंटरवर एकेक भाग काढून ठेवत होता. सिद्धू एक उचलायचा, दुसरा मागे सारायचा, बस्ता बांधायला बसल्यासारखा. मॉनिटर वापरलेला घेतला. रॅम निम्मी केली. बानूबाईचं लक्ष त्यातल्या कशातच नव्हतं. ती फक्त पत्र्याच्या मोठ्या डब्याकडे बघत होती. सगळं सामान त्यात बसणार होतं.

कोपऱ्यात तसाच एक डबा चालू होता. ती उठली, उजवा हात पालथा करून बोटांची मागची बाजू त्याच्या पत्र्याला लावली आणि चटकन मागे घेतली.

"मावशी, ताप बघताय का त्याचा?" विजयसिंह हसला.

"सवय हाय तिची," सिद्धू खाली मान घालून म्हणाला.

सवय होतीच. सिद्धू रांगत होता तेव्हा त्याचा बाप, बिरदेव, विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला चिकटला तो सुटला नाही. सरळ हात लागला तर मूठ आवळते आणि करंट माणसाला धरून ठेवतो. उलटा लागला तर झटक्याने मागे फेकला जातो. हे तिला कुणीतरी सांगितलं, पण बिरदेवाला नेल्यावर.

"आता हे बघ गड्या," विजयसिंह म्हणाला. "गेमचं कार्ड घेतलंस तर पावर सप्लाय जुना घालावा लागंल. पावर सप्लाय नवा घेतलास तर कार्ड न्हाय. दोन्ही बसत न्हाय ह्या पैशात."

"ते पावर का काय, ते कशाला असतंय?" बानूबाईने विचारलं.

"लाईट त्याच्यातनं आत जाती, मावशी."

"मग त्योच नवा द्या."

"आये, कार्डाबिगर गेम चालायचा न्हाय. पोरं काय तुझं तोंड बघाया येणार हायेत?"

तिने सिद्धूकडे बघितलंच नाही. "जुन्यानं काय हुतंय?"

"काय न्हाय, चालतोय की. आत वायर उघडी पडली तर डब्याला करंट उतरतो, येवढंच. पण प्लगाची तिसरी पिन असती न्हवं, ती त्यो करंट जमिनीत नेती." विजयसिंह सिद्धूकडे वळला. "घरात अर्थिंग हाय ना रं? खड्डा घेऊन, कोळसा-मीठ भरून?"

"हाय की," सिद्धू म्हणाला.

त्यांच्या खोलीतल्या बोर्डाला दोनच भोकं होती. खड्डा कुणी कधी घेतला नव्हता. बानूबाईने तोंड उघडलं. सिद्धूचा हात कार्डाच्या खोक्यावर होता आणि कान लाल झाले होते. तो तिच्याकडे बघत नव्हता.

तिने तोंड मिटलं.

"कार्ड द्या त्याला," ती म्हणाली आणि पुरचुंडी सोडली.

घरी आल्यावर प्लग बोर्डात बसेना. सिद्धूने करवतीने तिसरी पिन कापली. पितळेचा तुकडा जमिनीवर पडला, तो बानूबाईने उचलून देव्हाऱ्यात टाकांशेजारी ठेवला.

"त्यो काय देव हाय का?"

"असू दे. आन् ऐक. सकाळी ह्याला पैला हात माझा. मी 'बस' म्हणल्याबिगर तू बसायचं न्हाय."

"आन् तुला लागला म्हंजी?"

"माझा उलटा असतोय."

तेव्हापासून रोज सकाळी बटण दाबलं की ती पालथी बोटं पत्र्याला लावायची. श्वास कोंडून उभी राहायची. मग "बस" म्हणायची, की सिद्धू बसायचा. बोटांना मुंग्या आल्या, तर त्याला पायात रबरी चप्पल घालायला लावायची. पोरांनाही कुणाला अनवाणी आत येऊ द्यायची नाही. पोरं तिला हसायची, पण चपला घालून यायची.

खंडेनवमीला तिने विळा, खुरपं, कुऱ्हाड धुऊन पाटावर मांडली. मेंढरं गेली तरी लोकर कातरायची कातर होती, तीही मांडली. कॉम्प्युटर काही धुता येत नव्हता, म्हणून ताट घेऊन तीच त्याच्याकडे गेली. नुकती सारवण करून उठली होती. पायाखालची जमीन ओली होती. शाळेला सुट्टी, दारात पोरं खोळंबलेली. सिद्धूने बटण दाबलं होतं.

तिचा पालथा हात सवयीने पुढे झाला, आणि थांबला. बोटांवर देवाचा भंडारा कालवलेला होता.

"आये, लाव की लवकर," सिद्धू म्हणाला.

भंडारा उलट्या हाताने लावत नाहीत. तिने हात सरळ केला.

पत्र्यावर पिवळी बोटं उमटली.

बानूबाई नव्याण्णव सालच्या खंडेनवमीला सकाळी वारली.