ट्रे

दाताच्या दवाखान्यात शिकाऊ म्हणून लागून संयोगिताला आठच दिवस झाले होते. पेशंटसमोर डॉक्टरांची चूक दाखवली म्हणून आधीच्या मुलीला त्यांनी त्याच दिवशी घरी पाठवलं होतं, हे तिनं ऐकलं होतं.

शिरोलीच्या कारखान्यात भट्टीवर काम करणारे जोतीराम खुर्चीत डोळे गच्च मिटून पडले होते. "डॉक्टर, जरा बेतानं की," एवढंच ते म्हणाले. किडलेली दाढ डावीकडची, भूलही डावीकडंच दिलेली. पण फोनवर बोलून परत आलेल्या डॉक्टरांनी चिमटा उजवीकडच्या चांगल्या दाढेला लावला.

अवजारांचा ट्रे धरून शेजारी उभ्या असलेल्या संयोगितानं ते पाहिलं. 'सर' एवढा शब्दसुद्धा तोंडातून फुटेना.

तेवढ्यात तिच्या हातातला ट्रे अवजारांसकट खणखणत फरशीवर आदळला.

"लक्ष कुठं आहे तुझं?" डॉक्टर चिमटा बाहेर काढून खेकसले. परत वळताना त्यांची नजर समोरच्या एक्स-रेवर गेली. मग त्यांनी मुकाट्यानं डावीकडची दाढ काढली.

पेशंट गेल्यावर त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. "आज ट्रे पडला म्हणून वाचलो गं."



खाली मान घालून ती कशीबशी म्हणाली, "पडला न्हाय सर, पाडला."