आतले सगळे

थोरला वेबसाइट बनवायचा. आईबाबांच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्याने हौसेने घरच्या मंडळींचं एक पान केलं होतं. आईबाबांचा फोटो असलेली एक मोठी चौकट, तिच्या पोटात तिन्ही भावंडांच्या चौकटी आणि त्यांच्या पोटात नातवंडांच्या.

आज फोनवर त्याचं आणि धाकट्याचं चांगलंच वाजलं. रविवारी आईबाबांकडे जायची पाळी कोणाची, यावरून.

"दादा, तुला काय, तू तर घरी बसूनच असतोस," धाकटा म्हणाला आणि दादाचं डोकं फिरलं. धाकट्याला पानावरून गायब करायला त्याने तिरीमिरीत सीएसएसची, म्हणजे पानावर काय कसं दिसावं ते ठरवणाऱ्या भाषेची, एक ओळ लिहिली. रागाच्या भरात तीत धाकट्याचं नाव घालायचं तेवढं राहिलं. 'आईबाबांच्या चौकटीच्या आत ज्या ज्या चौकटी असतील, त्या लपव,' एवढाच हुकूम सुटला. कॉम्प्युटर बिचारा सांगकाम्या. धाकटा गेला, ताई गेली, नातवंडं गेली आणि दादा स्वतःही गेला.

चहा घेऊन येऊन बघतो तर हे! त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने घाईघाईने फोन लावला.

"बाबा, ते पान आत्ता उघडू नका हं. माझ्या हातून चूक झालीय. त्यात तुम्ही दोघंच दिसताय."



"मघाशीच पाहिलं की आम्ही," बाबा म्हणाले. "चूक कसली रे? आम्हाला वाटलं, घरात असतात तेवढेच ठेवलेस."