दुसरी थैली

"काका, हिची दुसरी थैली कुठे गेली?"

मॅडमनी चित्र खिडकीच्या उजेडात धरलं होतं. काकांनी चौतीस वर्षं कारखान्यात पंपांच्या आतल्या भागांची चित्रं काढली होती. निवृत्त झाल्यावर मॅडमनी त्यांना आपल्या प्रयोगशाळेत समुद्री गोगलगाईंची चित्रं काढायला बोलावलं. शंख नसलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या. मॅडम त्या चिरायच्या, काका सूक्ष्मदर्शकातून बघून आतलं सगळं कागदावर उतरवायचे. चार जाती झाल्या होत्या. ही पाचवी, शेवटची. पाचही एकाच प्रजातीतल्या, म्हणजे एकाच घरातल्या, असं मॅडम अकरा वर्षं सांगत आल्या होत्या, आणि त्या प्रजातीची मुख्य खूण म्हणजे पोटातल्या, जोडीदाराचं बीज साठवायच्या दोन थैल्या.

"नव्हती, म्हणून नाही काढली," काका म्हणाले.

"नसेल कशी? त्या ऑपरेशनच्या डोळ्याने बघितलंत का?"

मॅडम सहज बोलून गेल्या, पण काकांना ते लागलं. मोतीबिंदू काढून दोन महिनेही झाले नव्हते. हे काम सुटलं तर दिवसभर घरात करायचं काय? स्वयंपाकघरात लुडबुड चालणार नाही, हे बायकोने आधीच बजावलं होतं.

"बाकीच्या चौघींसारखी हिलाही दुसरी थैली दाखवा ना," मॅडम म्हणाल्या. "उद्या लेख पाठवायचाय."

काकांनी पेन्सिल उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"पंपात नसलेला व्हॉल्व्ह मी कधी काढला नाही, मॅडम. काढला असता तर जोडणाऱ्याने माझं बखोट धरलं असतं."

मॅडम तोंड वाकडं करून स्टुलावर बसल्या आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. सुईने इकडचं तिकडे केलं. मग बाटलीतली त्याच जातीची दुसरी गोगलगाय काढून चिरली. मग तिसरी. काका टोक असलेल्या पेन्सिलीलाच टोक काढत बसले.

अर्ध्या तासाने मॅडमचे खांदे हलायला लागले. रडतात की काय, म्हणून काका घाबरून उठले. मॅडम हसत होत्या.

"तिन्हींत नाही. अकरा वर्षांच्या कामावर पाणी फिरवलंत काका तुम्ही."

"मग आता हो?"

"आता ही या घरातली नाही. हिच्यासाठी नवी प्रजाती मांडायची. सगळा लेख पहिल्यापासून लिहायचा." हे त्यांनी जेवायला हाक मारावी इतक्या खुशीत सांगितलं. मग चित्र काकांपुढे सरकवलं. "तुमचं चित्र झालंय. फक्त ती थैली जिथे असायला हवी होती ना, तिथे एक बाण काढा."

काकांनी पट्टी लावली. जन्मभर त्यांनी हजारो भागांना बाण काढले होते. रिकाम्या जागेला पहिल्यांदाच काढत होते, आणि तो त्यांनी बाकीच्यांपेक्षा जरा ठळकच काढला.