ठिपका उतरला का?

दुसरा फोटो पडद्यावर उघडला आणि वेधशाळेतली ताई पडद्याला नाक लावून बघू लागली. ठिपका तासाभरापूर्वी जेवढा ठळक होता, तेवढाच आताही होता.

"मंद झालाच नाही हा मेला! काका, बघा ना!"

दुर्बीण चालवणारे काका खुर्चीतून अर्धवट उठले. पावणेसातला उपग्रहाचा निरोप आला होता की आकाशाच्या अमुक कोपऱ्यात गॅमा किरणांचा स्फोट झालाय. असा स्फोट काही सेकंदांत आटोपतो. मागे राहते ती त्याची झळाळी, आणि तीही बघता बघता उतरते. अंधार पडल्या पडल्या दोघांनी त्या कोपऱ्याचा पहिला फोटो काढला, तर नकाशात नसलेला हा ठिपका हाती लागला. उतरला तर झळाळी. नाही तर अधूनमधून डोकं वर काढणारा एखादा आगाऊ तारा.

फोन वाजला. पलीकडे मोठ्या दुर्बिणीवरचे सर होते. "आठ वाजून दहा मिनिटांपर्यंत हो की नाही ते सांग. नंतर आमची दुर्बीण दुसऱ्यांच्या ताब्यात जाते. आणि नीट बघून सांग हं, घाईबाई!"

गेल्या वर्षी तिने असाच एक आगाऊ तारा स्फोट म्हणून जाहीर केला होता. चार ठिकाणच्या दुर्बिणी उगाच वळल्या. तेव्हा जे नाव चिकटलं, ते चिकटलंच.

आठ वाजून चार मिनिटं. 'नाही' म्हणून मोकळं व्हावं, पुन्हा शोभा तरी होणार नाही. तिने फोन उचलला. खाली ठेवला. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले.

"काका, आजूबाजूचे तारे असे का सुजलेत?"

"सुजलेत?"

"पहिल्या फोटोत बारीक होते. आता बघा, सगळे कसे गरगरीत झालेत. हा एकटाच तेवढाच."

काकांनी कान खाजवला. "ते... तुम्ही पाणी प्यायला गेलात ना, तेव्हा म्हटलं, बिचारा ठिपका आता अंधुक येईल. म्हणून कॅमेरा दोनऐवजी सहा मिनिटं उघडा ठेवला."

"सहा मिनिटं!"

"चुकलंच माझं, ताई. विचारायला हवं होतं."

"अहो, तिप्पट वेळ उजेड घेऊनही हा तेवढाच! म्हणजे उतरलाय! तिपटीने उतरलाय, काका!"

तिने काकांना खांद्याला धरून असं गदागदा हलवलं की त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. मग फोनवर ओरडली, "सर, हो! वळवा!"

"नक्की?"

"शंभर टक्के! अहो, विचारत काय बसलात, वळवा आधी!"

साडेदहाला त्यांनी तिसरा फोटो घेतला. बरोब्बर दोन मिनिटांचा. काकांनी घड्याळावरची नजर काढली नाही. आजूबाजूचे तारे जिथल्या तिथे होते. मधली जागा काळीकुट्ट.

"गेला," काका हळूच म्हणाले.

"गेला!" ताईला हसू आवरेना.

आणि त्या रिकाम्या जागेसमोर उभं राहून दोघं टाळ्या वाजवू लागले.