‘आमेन’च्या वरची कोरी जागा

“हे पोलिश स्तोत्र छापलंत, तर पेपर बंद,” म्हणत परक्या सरकारच्या तपासनिसानं चारही कडव्यांवर लाल रेघ ओढली. “तिथं साबणाची जाहिरात लावा.”

शहरातल्या त्या पोलिश दैनिकात क्लेमेन्स तीस वर्षं छपाईचे खिळे जुळवत होता. मायबोलीतली प्रार्थना शाळेतून केव्हाच गेली होती. आता पेपरातूनही निघाली. त्यानं पेपरच्या मालकीणबाईंकडे पाहिलं.

“क्लेमेन्सभाऊ, साबण आपल्याकडे पुष्कळ आहे,” त्या म्हणाल्या. “जागा कोरी सोडा.”

त्यानं कडव्यांचा एकेक खिळा उचलून काढला. वर ‘रविवारचं स्तोत्र’ राहिलं, तळाशी ‘आमेन’, मधे नुसता पांढरा कागद.

रविवारी चर्चमध्ये तपासनीस पुढच्याच बाकावर बसला होता. पाद्रीबाबांनी पेपर उघडला, पाठोपाठ साऱ्यांनी उघडला. कोऱ्या जागेवर बोट ठेवून क्लेमेन्सनं घोगऱ्या आवाजात पहिली ओळ लावली, आणि टाळकऱ्यांनी धरावी तशी ती साऱ्या चर्चनं धरली. चारही कडवी पाठच होती. ती संपताच सगळ्यांची बोटं एकदम ‘आमेन’वर टेकली.

लाल पेन्सिल धरून तपासनीस आपला अंक उलटसुलट करत राहिला. खोडायला त्या कोऱ्या जागेत शब्दच नव्हता.