कंचा परवा

"आधी धोंडाबाईंना समजावून सांग, मग माझ्याकडे ये," ज्योत्स्नाताई म्हणाली आणि आपल्या कामाकडे वळली.

सोमाटण्यातल्या त्या सहाजणांच्या सॉफ्टवेअर कंपनीत हा तिचाच नियम होता. नव्या माणसानं लिहिलेला प्रोग्रॅम गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी चहा करणाऱ्या मावशींना, म्हणजे धोंडाबाईंना, साध्या मराठीत सांगायचा. नव्यानं लागलेल्या प्रतीक्षाला तो झोंबला. इंजिनिअर व्हायचं आणि परीक्षा द्यायची ती ओट्यापुढे. पण चार वाजता तिचा पहिलावहिला प्रोग्रॅम पवनेकाठी पाहुण्यांना तंबूत उतरवणाऱ्या एका गिऱ्हाइकाकडे जाणार होता, आणि आईनं बेडशात अर्ध्या गावाला सांगून ठेवलं होतं.

धोंडाबाई आलं ठेचत होत्या.

"मावशी, हा प्रोग्रॅम पाहुण्यांना आपोआप मेसेज धाडतो. परवा येणार असतील त्यांना 'वाट पाहतोय'. परवा येऊन गेले त्यांना 'आभार, पुन्हा या'."

"आन् त्याला कसं कळतंय, कोन कवाचं?"

"मी तारखेला नाव दिलंय ना. परवा."

"कंचा परवा? गेल्याला का येनारा?"

"दोन्ही," म्हणता म्हणता प्रतीक्षा थांबली. दोन तारखांना तिनं एकच नाव दिलं होतं. एका नावात एकच तारीख मावते; येणाऱ्या तारखेनं गेलेलीला केव्हाच गिळून टाकलं होतं. जे अजून घरातून निघाले नव्हते, त्यांनाच 'पुन्हा या' गेलं असतं.

"तंबूत पाय टाकायच्या आदीच वाटंला लावलंस की त्यास्नी," धोंडाबाई म्हणाल्या.

प्रतीक्षाचे कान तापले, तरी हसू आवरेना. तिनं तिथंच ओट्यावर लॅपटॉप ठेवून दोन तारखांना दोन नावं दिली, चालवून पाहिलं आणि ज्योत्स्नाताईला सगळं खरं सांगून टाकलं.

"सकाळी मी दोनदा वाचलं होतं," ताई म्हणाली. "मलाही दिसलं नाही."

प्रोग्रॅमच्या माथ्यावर दोन नावं घालायची असत: लिहिणाऱ्याचं आणि तपासणाऱ्याचं. पहिलं प्रतीक्षाचं होतंच. दुसऱ्या जागी ताईनं आपलं नाव खोडलं आणि 'धोंडाबाई' लिहिलं.

चाराला दहा कमी होते. चहा घेऊन आलेल्या धोंडाबाईंना प्रतीक्षानं कौतुकानं ते नाव दाखवलं.

धोंडाबाईंनी ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि स्टूल ओढलं.

"माजं नाव लावताय व्हय? मंग पयल्यापासनं सांग पुन्यांदा."