एकमताने

कोविड वॉर्डातल्या सिस्टरनी लेकीच्या वर्गातल्या साठच्या साठ घरांची मोट बांधली होती. "वर्ष बुडालं तर भरून काढता येईल, लेकरू गेलं तर?" असं त्यांनी ग्रुपवर विचारलं आणि सगळ्यांनी शब्द दिला, लस येईपर्यंत पोरांना होस्टेलवर पाठवायचं नाही. ड्यूटीवरून आल्यावर एकेका पालकाला फोन करून करून त्यांचा घसा बसायचा. मग नवरा गरम पाण्याचा पेला हातात द्यायचा आणि म्हणायचा, "तू खिंड लढव, मी आहे पाठीशी."

सोमवारी कॉलेजच्या क्लार्कचा फोन आला. "सिस्टर, होस्टेल उघडतंय. सगळ्या पालकांची संमतीपत्रं आली."

सिस्टरच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडावर गोड गोड बोलून सगळ्यांनी केसाने गळा कापला होता!

"सगळ्यांची कशी? एकोणसाठ म्हणा. माझं त्यात धरू नका."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला.



"साठच आहेत, सिस्टर. सगळ्यात आधी तुमच्या यजमानांचं आलं."